पडद्यावरच्या व्हॅम्पायरचं बदलतं रूप, आणि तो आपल्या रंगमंचावर कसा उभा करायचा

तिसरी_घंटा

गोव्यात, फोंड्यातल्या एका हौशी संस्थेची चाळीस मिनिटांची एकांकिका बसते आहे. मुख्य पात्र व्हॅम्पायर. दिग्दर्शकाला तो आधी हवाहवासा आणि मग नकोसा वाटायला हवा आहे. हा बदल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, काळोख न करता घडवायचा आहे. दोन प्रयोग ठरलेत. एक वातानुकूलित नाट्यगृहात, दुसरा जत्रेला देवळाच्या प्रांगणातल्या मंडपात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पडद्यावर ह्या पात्राचं रूप कधी आणि कशामुळे पालटत गेलं? आणि त्यातलं काय आपल्याला उचलता येईल? तालमीत सगळे एकच सांगतात, की व्हॅम्पायर आधी कुरूप होता आणि ट्वायलाइटपर्यंत येता येता देखणा झाला. हे खरं का? दात, डोळे, रक्त, त्वचा, सगळ्यावर लिहा. बजेट बेताचं आहे.

मांडवी_काठ

'कुरूप ते देखणा' अशी सरळ चढण नाहीच. पॉलिडोरीच्या १८१९ च्या कथेतला व्हॅम्पायर उमराव आहे, बायकांना भुरळ घालणारा. त्यानंतर १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट मात्र पांढऱ्या मिशांचा म्हातारा. कान टोकदार, तळहातावर केस, श्वासाला दुर्गंधी. म्हणजे सिनेमा येण्याआधीच दोन्ही रूपं तयार होती, पडद्याने आलटून पालटून ती वापरली.

१९२२ चा 'नोस्फेरातू': टक्कल, लांब नखं, उंदरासारखे पुढचेच दोन दात. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'तला बेला लुगोसी: चोपून बसवलेले केस, सायंकाळचा सूट, आणि सुळे एकदाही दिसत नाहीत. १९५८ च्या 'ड्रॅक्युला'तला ख्रिस्तोफर ली: रंगीत चित्रपट, लाल डोळे, सुळे आणि ओठांवर ओघळणारं रक्त.

आता १९७९ हे एकच साल घ्या. हर्झोगच्या 'नोस्फेरातू'त क्लाउस किन्स्की पांढराफटक, टकला आणि दीनवाणा. त्याच वर्षी फ्रँक लँगेलाचा ड्रॅक्युला मोकळ्या केसांचा प्रियकर, त्याला सुळेच नाहीत. आणि त्याच वर्षी टीव्ही मालिका 'सालेम्स लॉट'मध्ये निळसर कातडीचा, एकही शब्द न बोलणारा राक्षस. चढण असती तर एका वर्षात तीन टोकं दिसली नसती. २००८ मध्ये 'ट्वायलाइट'ची उन्हात चमकणारी त्वचा आली, तर त्याच्या आदल्याच वर्षी '३० डेज ऑफ नाइट'मध्ये काळ्याभोर डोळ्यांची श्वापदं होती. २०२४ च्या नव्या 'नोस्फेरातू'त पुन्हा मिशीवाला म्हातारा उमराव परतला, कादंबरीतल्यासारखा.

माझं मत असं की रूप बदललं ते त्या त्या काळातल्या साधनांमुळे. फिल्मला कोणता रंग दिसतो, आवाज आहे की नाही, रबराचे मुखवटे किती पातळ होतात, ह्यावरून चेहरा ठरला. आणि आकर्षण ठरलं ते नटाचा किती चेहरा मोकळा राहिला त्यावरून. ओठ आणि डोळे मोकळे असतील तर प्रेक्षक त्याच्याकडे ओढला जातो. ते झाकले की उरते भीती. दिग्दर्शकाला दोन्ही हवंय, म्हणजे चेहऱ्यावर काही चिकटवायचं नाही. सगळा बदल उजेडाने करायचा. उजेडवाला बाब इथे असतील तर त्यांनी सांगावं.

उजेडवाला

करता येतं, आणि स्वस्तात. १९५७ च्या 'इ वाम्पिरी' ह्या इटालियन चित्रपटात छायाचित्रकार मारियो बावाने हेच केलं. तरुण दिसणारी डचेस एकाही कटाशिवाय म्हातारी होते. त्याआधी १९३१ मध्ये जेकिल-हाइडच्या चित्रपटातही हीच क्लृप्ती होती. सुरकुत्या शुद्ध लाल रंगाने काढायच्या. लाल उजेडात लाल रेघ त्वचेत मिसळून जाते. लाल काढून हिरवा-निळा उजेड टाकला की त्याच रेघा काळ्या पडतात. ते चित्रपट कृष्णधवल होते म्हणून रंगाचा बदल लपला, फक्त चेहरा बदलला. रंगमंचावर उजेड पालटलेला प्रेक्षकाला दिसणार, पण चेहऱ्याचं हाडूक वर येताना पाहून त्याचं तिकडे लक्ष राहत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ही युक्ती चांगली चालते, कारण ही त्वचा लाल भरपूर परावर्तित करते आणि निळा फारच कमी.

दोन एलईडी पार (साधे गोल मंचदिवे) पुरतात. एकात फक्त लाल १०० टक्के, दुसऱ्यात हिरवा ४० आणि निळा ६० टक्के. हिरवा डोळ्याला जास्त तेजस्वी भासतो, म्हणून त्याला आवरून धरायचं. दोन्ही दिवे एकाच बाजूने, शक्य तितके जवळजवळ लावा. लांब लांब लावले तर बदलताना सावल्या सरकतात आणि प्रेक्षकाला दिवा बदललेला कळतो.

काय बिघडतं ते आता. पहिली गोष्ट, दोन्ही दिवे सारख्याच वेगाने वरखाली केले तर मध्यावर लाल, हिरवा आणि निळा मिळून पांढरा उजेड होतो, आणि चेहऱ्यावर लाल रेघोट्या उघड्या पडतात. म्हणून लाल आधी ३० टक्क्यांवर आणा, मगच दुसरा दिवा सुरू करा. मध्ये चेहरा क्षणभर मंद होतो, तो चालतो. एकूण आठ सेकंद धरा. चारात केलं तर झटका बसतो, बारात केलं तर लोक दिव्याकडे बघायला लागतात.

दुसरी, लाल पेन्सिल. बाजारातल्या बऱ्याच 'लाल' पेन्सिली खरं तर मरून असतात, त्यात काळा मिसळलेला असतो. त्या लाल उजेडातही दिसतात. खरेदी करताना हातावर रेघ ओढा, मोबाइलच्या पडद्यावर भडक लाल चित्र उघडून अंधाऱ्या जागी त्या उजेडात पाहा. रेघ दिसली तर पेन्सिल परत ठेवा. चमकणारी लिपस्टिकही नको, तिचा तेलकटपणा कोणत्याही रंगाच्या उजेडात झळकतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: ह्या नटाचा प्रवेश पांढऱ्या किंवा अंबर (पिवळसर-केशरी) उजेडात होता कामा नये. अंबरमध्ये हिरवा असतोच, त्यात रेघा फिकट लाल दिसतात. तो आल्यापासून बदल होईपर्यंत त्याच्यावर फक्त लाल. बाकीची पात्रं मंचाच्या दुसऱ्या भागात अंबरमध्ये बसू देत, पण त्यांचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर सांडू नये. लाल उजेडाला संहितेत कारण द्या. चूल, शेकोटी, काहीही.

तिसरी_घंटा

देव बरें करूं! संहितेत चूल आहेच, तिथेच त्याला बसवता येईल. रेघा नेमक्या कुठे काढायच्या? आणि त्वचा फिकट कशी करायची? गेल्या तालमीत पांढरा पॅनकेक लावला तर चेहरा राख फासल्यासारखा झाला.

रंगपेटी

राख दिसते कारण उबदार तपकिरी त्वचेवर थंड पांढरा बसला की मध्ये करडा तयार होतो. पांढरं करायचं नाही, तांबूसपणा घालवायचा. नटाच्या त्वचेपेक्षा एक, फार तर दोन छटा फिकट, ऑलिव्हकडे झुकणारा बेस घ्या. स्पंजने टिपत, पातळ थर. गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर जिथे लाली जास्त असते तिथे आधी हिरवट करेक्टरचा अगदी हलका हात. एवढंच. पांढराफटक चेहरा दशावतारात शोभतो, कारण तिथे सगळ्याच पात्रांचे रंग ठळक असतात. इथे बाकी तीन पात्रं साध्या चेहऱ्याची आहेत, त्यांच्यामध्ये तो विदूषक वाटेल.

कान विसरू नका. मागून उजेड आला की कान लालभडक दिसतात आणि मेलेला माणूस जिवंत होतो. मान, गळ्याचा मागचा भाग, हात मनगटाच्या वरपर्यंत, नखांच्या कडा, सगळीकडे तोच बेस.

लाल रेघा: गालाच्या हाडाखाली खोबणीत तिरका पट्टा, वरची कड स्पष्ट, खालची बोटाने विरवलेली. नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. कानशिलांवर दोन-तीन फांद्या फुटलेल्या शिरा. गळ्यावर दोन उभ्या शिरा, त्या बोलताना हलतात म्हणून जिवंत वाटतात. शिरा कुठे आहेत ते आधी पाहून घ्या. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ह्या चित्रपटाच्या वेळी नटांना काही वेळ उलटं टांगून चेहऱ्यात रक्त उतरवलं आणि फुगलेल्या खऱ्या शिरांवरून रेघा काढल्या. इतकं करायची गरज नाही. नटाला मिनिटभर खाली वाकायला सांगा आणि पेन्सिलने ठिपके देऊन ठेवा. शिरा कल्पनेने काढल्या की नदीच्या नकाशासारख्या दिसतात.

ओठांना तोच शुद्ध लाल भरा. चुलीच्या उजेडात ओठ त्वचेत मिसळून मऊ दिसतील, निळ्या-हिरव्यात काळे पडतील. ह्या एका गोष्टीने निम्मं काम होतं.

डोळ्यांभोवती मात्र लाल नको. बरीच लाल रंगद्रव्यं डोळ्यांजवळ वापरण्यासाठी नसतात, पापणीच्या केसांपासून निदान एक सेंटिमीटर दूर राहा. डोळ्यांची खोबण उजेडानेच काळी करायची. दोन्ही पार शेजारी-शेजारी उंच, जवळजवळ डोक्यावरून लावले की कपाळाची सावली आपोआप डोळ्यांत पडते.

मंडपातला प्रयोग वेगळा विषय आहे. देवळाच्या प्रांगणात पालखी झाल्यावर नाटक उशिरा उभं राहतं, हवेत दमटपणा भरपूर आणि पंखा दूर. पाण्यात भिजवायचा केक रंग तिथे दुसऱ्या प्रवेशापर्यंत ओघळतो. तेलाच्या स्टिकने रेघा काढून वर रंगहीन पावडर दाबून बसवा. जास्त पावडर पडली तर लाल फिका होतो आणि उजेडवाल्यांची युक्ती अर्धी मरते. अल्कोहोलने भिजवायचे रंग घामाला सगळ्यात चांगले टिकतात, पण महाग पडतात, डोळ्यांजवळ चालत नाहीत आणि काढायला वेगळं द्रावण लागतं. रंग लावण्याआधी पाच मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ कपाळ आणि वरच्या ओठावर धरा. विंगेत एक माणूस टिश्यू आणि लाल पेन्सिल घेऊन उभा हवा. घाम टिपायचा, पुसायचा नाही.

कोणी जिलेटिनच्या जखमा किंवा कपाळपट्टी चिकटवायला सांगेल, तर इथल्या उन्हाळ्यात नको. अंगाच्या उष्णतेला आणि दिव्यांना ते मऊ होतं, कडा आधी पाणी सोडतात, मग उचलल्या जातात.

दंतशाळा

दातांचं बोलू. तयार मिळणारे प्लॅस्टिकचे दात घेऊ नका, त्यात ओठ मिटत नाहीत आणि ओठ न मिटणारा माणूस कुणालाच आकर्षक वाटत नाही.

कुठले दात लांब करायचे हे आधी ठरवा. खरे सुळे चेहऱ्याच्या वळणावर असतात, तोंड बरंच उघडल्याशिवाय समोरून दिसत नाहीत. ली तोंड फाकून गुरगुरायचा म्हणून त्याला ते चालले. संवाद म्हणताना दिसायला हवे असतील तर सुळ्यांच्या आधीचा दात, मधल्या दोघांच्या शेजारचा, तो लांब करतात. 'ट्रू ब्लड' मालिकेत तीच जागा आहे. लांबी मूळ दाताच्या टोकापुढे ३ ते ४ मिलिमीटर. ६ च्या पुढे गेलात की खालच्या ओठात रुततो.

मराठी संवादासाठी आणखी एक बाब. त, थ, द, ध, न म्हणताना जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकते. 'नोस्फेरातू'सारखे मधले दोन दात केले आणि मागून जाड राहिले तर हे सगळे वर्ण बोबडे होतात. बाजूच्या दातांवर टोपी असेल तर मुख्य त्रास फ, व आणि स चा. संहितेतल्या ज्या वाक्यांत हे वर्ण दाटलेले असतील ती आधीच बदलून घ्या.

कृती: दंतवैद्याकडून अल्जिनेटचा (ठसा घ्यायची पावडर) ठसा घ्या. पाणी थंड वापरायला सांगा, इथल्या उन्हाळ्यात कोमट पाण्याने ते तोंडात नीट बसण्याआधीच गोठतं. ठसा ओल्या कापडात ठेवून पंधरा मिनिटांच्या आत डेंटल स्टोन (दातांच्या साच्याचं कडक प्लास्टर) ओता, १०० ग्रॅम पावडरला साधारण ३० मिलिलिटर पाणी. उशीर झाला की ठसा आकसतो आणि टोपी घट्ट होते. साच्यावर विलगक द्रव लावून दाताच्या रंगाच्या अॅक्रिलिकने टोपी बनवा, पुढून जाडी सुमारे १ मिलिमीटर. अॅक्रिलिक कधीही थेट दातांवर घट्ट होऊ देऊ नका. घट्ट होताना ते तापतं आणि त्यातला द्रव हिरडीला झोंबतो. छटा पिवळसर घ्या, शुभ्र दात दिव्यात प्लॅस्टिक दिसतात. बसवायला कवळीची पेस्ट पुरते. झटपट चिकटणारा गोंद तोंडात अजिबात नाही.

आठवडाभर रोज वीस मिनिटं टोपी घालून मोठ्याने संवाद म्हणायला लावा.

मांडवी_काठ

दंतशाळा, मुद्देसूद. पण ह्या एकांकिकेत दात हवेतच का, ह्याचा दिग्दर्शकाने विचार करावा. लुगोसी आणि लँगेला दोघांनी त्यांच्याशिवाय भागवलं. १९८७ च्या 'नियर डार्क'मध्येही सुळे नाहीत, आणि 'व्हॅम्पायर' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. लाल-निळ्याचा बदल चालणार असेल तर दात पुन्हा तेच सांगतील.

दंतशाळा

मान्य, फक्त पुढच्या काही रांगांसाठी एवढा खर्च नको. आठव्या रांगेपलीकडे ३ मिलिमीटर दिसत नाहीत. लघुपट असेल तर मात्र करा.

रंगपेटी

हाच हिशोब लेन्सला लावा. नाट्यगृहात रंगीत लेन्स कुणाला दिसणार नाही. लघुपटासाठी घ्यायची असेल तर शून्य नंबरची असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडून मापाने घ्या. एकमेकांची वापरू नका, नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने धुवू नका, त्यातून बुबुळाला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. लेन्स रंगभूषेच्या आधी घालायची आणि रंग पुसायच्या आधी काढायची. किनाऱ्यावर चित्रीकरण असेल तर घालूच नका, वाऱ्याने उडालेली वाळू लेन्सखाली अडकते. डोळे संपूर्ण झाकणाऱ्या मोठ्या लेन्समध्ये नटाला नीट दिसत नाही. ख्रिस्तोफर लीलाही १९५८ मध्ये त्याचा त्रास झाला होता. अंधाऱ्या मंचावर पायऱ्या असतील तर हा थेट धोका आहे.

उजेडवाला

डोळ्यांसाठी लुगोसीचा उपाय घ्या. १९३१ मध्ये त्याच्या डोळ्यांवर अरुंद झोत टाकले होते, बाकी चेहरा अंधुक. आपल्याकडे एक छोटा प्रोफाइल स्पॉट, शटरने आडवी फट करून फक्त डोळ्यांच्या पट्टीवर. प्रोफाइल नसेल तर एलईडी टॉर्चला काळ्या जाड कागदाची वीस सेंटिमीटरची नळी आणि तोंडाशी आडवी चीर. हॅलोजनला कागद लावू नका, पेटेल. नटाची बसायची जागा आणि मानेचा कोन पक्का हवा, चार बोटं हलला तर झोत कपाळावर जातो. इथे ह्या झोतावर लाल जिलेटिन पेपर हवाच, नाहीतर रेघा उघड्या पडतील.

साखळीकर

रक्त. इथे उजेडाचा विचार न करता कृती देणारे बरेच भेटतात. निळ्या-हिरव्या उजेडात रक्त काळं डांबर दिसतं, लाल उजेडात दिसतच नाही. म्हणून रक्ताचा क्षण बदलाच्या आधी किंवा नंतर, पांढऱ्या उजेडात घ्या. तेव्हा चेहरा प्रेक्षकांकडे नको, हात असू दे.

तोंडात जाणारं रक्त: बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम, पाणी ४० मिलिलिटर, खाण्याचा लाल रंग एक चमचा, कोको पावडर पाव चमचा, निळ्या रंगाचा एक थेंब. कोको थोड्या पाण्यात आधी कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. कोकोमुळे रक्त अपारदर्शक होतं. तो नसला की रंग सरबतासारखा पारदर्शक राहतो.

कपड्यांवरचं: साखर नको. मंडपात साखरेचं रक्त सांडलं की मुंग्या येतात, आणि लाकडी फळ्यांवर पाय आधी चिकटतो, मग घसरतो. २५० मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा झँथन गम (दाटपणा आणणारी पावडर) भुरभुरत मिक्सरमधून काढा, तासभर ठेवा, फेस बसतो. मग रंग घाला. कपडे धुता यावेत म्हणून ह्यात चमचाभर भांड्यांचा साबण मिसळता येतो. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'तोंडात नाही' लिहा आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या आकाराच्या घ्या, विंगेत अंधार असतो.

कोकमाचं आगळ आणि बीट दोन्ही टाळा. बीट जांभळं दिसतं. आगळाचा रंग आंबटपणावर टिकलेला असतो, साबण लागला की निळसर-मळकट होतो.

आमोण्याची_वाट

एक विनंती. जाहिरातीत किंवा संवादात ह्या पात्राला वेताळ म्हणू नका. व्हॅम्पायरला वेताळाशी जोडायची पद्धत पडली आहे. गोव्यात वेताळ ग्रामदैवत आहे, आमोण्याला, लोलयेला, प्रियोळला त्याची पूजा होते, भाविक त्याला वहाणा अर्पण करतात. त्याच्या जुन्या मूर्तींत बरगड्या आणि पोटावर विंचू दिसतो, म्हणून रूप उचलायचा मोह होईल. जत्रेच्या मंडपात तर नकोच. देवचाराचंही तेच, तो गावाचा राखणदार.

तिसरी_घंटा

बरोबर आहे. पात्राला नाव नाही, 'पाहुणा' एवढंच आहे, तेच ठेवू. उभ्या कॉलरचा झगा हवा का?

मांडवी_काठ

ती कॉलर मुळात रंगमंचाचीच गरज होती. १९२० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या नाटकात ड्रॅक्युला प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा, डोकं कॉलरमागे लपायचं, आणि झगा तिथेच धरलेला असताना नट आतून निसटायचा. तुमच्याकडे अदृश्य व्हायचं नसेल तर कॉलर लावू नका. ती उजेडवाल्यांचा वरचा झोत अडवेल, आणि गळ्यावरच्या शिराही झाकेल. लावलीच तर बुकरम (कॉलरीत घालायचं ताठ कापड) नको, दमट हवेत लोळते. आत जुनी एक्स-रे फिल्म शिवा.

आकर्षणाबद्दल: नटाला कमी हलवा. १९६६ च्या 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये ख्रिस्तोफर लीला एकही संवाद नाही, आणि तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. पाहुणा चुलीपाशी बसला असताना समोरचं पात्र बोलत असेल तेव्हा त्याने पापणी लववू नये, स्वतः बोलताना लववावी. समोरच्या मुलीनेच दोन पावलं जवळ यायचं, त्याने नाही. बदल तिच्या चेहऱ्यावर आधी दिसू दे, दीड-दोन सेकंदांनी त्याच्यावर.

उजेडवाला

मग दिवे पालटायचा क्यू (इशारा) तिच्या संवादावर न देता तिच्या श्वासावर द्या, आणि डिमरवाल्याला तालमीला बसवा. मंडपासाठी शेवटचं: बाजूला दुकानांच्या ट्यूबलाइट असतात, त्यांचा पांढरा उजेड मंचावर येतो आणि रेघा दिसायला लागतात. दोन्ही विंगांना काळा कपडा दुहेरी, नटाला मंचाच्या पुढच्या कडेपासून निदान तीन मीटर आत बसवा. दिवे लावून झाले की फक्त लाल ठेवून नटाला जागेवर बसवा आणि सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. कॅमेरा लाल उजेडात स्वतः रंग दुरुस्त करायला जातो, म्हणून व्हाइट बॅलन्स हाताने एका ठिकाणी अडकवून ठेवा. फोटोत रेघ दिसली तर कुठला दिवा सांडतो आहे ते शोधायला अजून वेळ असतो.